आधी सांडवा

कडूबा खराताच्या सवयी सांगायच्या तर अशा.

भाकरी मोडण्याआधी तो ती हातावर तोलायचा. कुठंही बसण्याआधी टाचेनं जमीन ठोकायचा. आवाजावरून खाली मुरूम आहे की काळी, हे त्याला कळायचं, आणि कळलं की शेजारच्याला ते सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. तंबाखू मळताना डावा डोळा मिटायचा. वाटूर फाट्यावर चहा प्यायला की कप स्वतः धुवायचा नाही. मालक धुवून ठेवीपर्यंत तिथंच उभा राहायचा. निघताना ‘येतो’ म्हणायचा नाही, ‘बराबर’ म्हणायचा. आणि कोणाला मारायचं असलं की आधी वाकून पायातल्या चपला काढायचा, जोडीनं बाजूला ठेवायचा, मग मारायचा.

ही शेवटची सवय आसपासच्या गावांना ठाऊक होती. एकदा फाट्यावर तो चपलेतला काटा काढायला वाकला, तर हॉटेलातली बाकं रिकामी झाली. मालकसुद्धा मागच्या दारानं गेला. कडूबा ते सांगून पोट धरून हसायचा.

ती सवय आली होती बापाकडून, पण उलटी होऊन.

बाप सोनाजी विहिरी खोदायचा. बोरखडी गावाच्या मधल्या गल्लीतून त्याला चपला हातात घेऊन जावं लागायचं. छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात एका वाड्यावर बैल मेला. तो फुगला, फुटला. गल्लीत वास मावेना. तेव्हा काठ्या निघाल्या. सोनाजी कामावरून परत येत होता. पहिली काठी कोपरावर बसली, दुसरीही तिथंच बसली. हाड कातडीबाहेर आलं. हातातल्या चपला गळून पडल्या, आणि त्या उचलायला वाकला म्हणून तिसरी पाठीत बसली. मिसरूड न फुटलेला कडूबा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

काही वर्षांनी तो त्याच गल्लीतून चपला घालून गेला. त्यातल्याच एकानं अडवलं. कडूबा वाकला. चपला काढल्या. समोरचा खुशीत हसला. त्याला वाटलं, पोरगं रीतीला आलं. कडूबानं चपला भिंतीकडेला नीट ठेवल्या आणि त्या हसणाऱ्या तोंडावर दगड घातला. वरचे दात आत गेले.

मग अख्ख्या गल्लीनं त्याला मारलं. उजवा कान तेव्हापासून गेला. त्याला पाठीवर टाकून वस्तीत आणलं ते अप्पारावनं.

अप्पाराव शेजारचा. दोघं एकत्र विहिरी खोदायचे. विहिरीत उतरलेल्याचा जीव वर दोर धरणाऱ्याच्या मुठीत असतो. कडूबाचा दोर अप्पाराव धरायचा, अप्पारावचा कडूबा. लग्नं झाली तरी दुसऱ्या कोणाच्या हातात त्यांनी दोर दिला नाही. कडूबाची बायको बेबीनंदा म्हणायची, "मला सोडून देतील, अप्पाभावजीला सोडायचे न्हाईत."

मग दुष्काळ आला. विहिरी खोदून काही उपयोग राहिला नाही. खाली खडक आणि खडकाखाली आणखी खडक.

कडूबाची बहीण कौसल्या तीर्थपुरीकडच्या एका गावात दिली होती. तिथं आदल्या टंचाईत पाझर तलाव झाला. मातीची भिंत उंच उठली. पण तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी बाजूनं काढून देणारा सांडवा झाला नाही. त्या कोरड्या वर्षात एकच मोठा पाऊस झाला आणि तो सगळा एका दुपारी पडला. पाणी भिंतीवरून गेलं. भिंत मधोमध फाटली. कौसल्येचं घर भिंतीच्या खाली होतं. तिनं बाभळीला मिठी मारली. एका हातात लेक शिवकन्या होती, दोन वर्षांची. हात सुटला.

कडूबा पोचला तेव्हा लोक काठ्यांनी गाळ ढवळत होते. त्यानं काठी घेतली नाही, हातानं उकरलं. शिवकन्या काटेरी कुंपणात सापडली. तिच्या तोंडातला गाळ तो बोटानं काढत राहिला. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं तरी बोट हलतच होतं.

पंचनाम्याला आलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "सांडवा का न्हाई केला?"

"निधी संपला."

"कशावर?"

"मातीकामावर."

कडूबानं फुटक्या भिंतीकडं पाहिलं. जन्मभर त्यानं माती काढली होती. एवढा पैसा खाईल इतकी माती तिथं नव्हती. तो वाकला आणि चपला काढू लागला. अप्पारावनं मागून कवळ घातली म्हणून तो माणूस जीपपर्यंत पोचला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बोरखडीच्या नाल्यावर तसाच तलाव मंजूर झाला. भिंतीची चुन्याची रेघ पडली. रेघेच्या खाली नाला, नाल्याच्या काठी वस्ती. कडूबाचं घर तिथं होतं. अप्पारावचंही.

अख्खं गाव कामावर आलं. गल्लीतले लोकही आले. ज्यांच्या घरात पाणी वाढायला गडी होता त्यांच्या बायका घमेली उचलू लागल्या. मिलोच्या, परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीनं सगळ्यांची पोटं सारखीच दुखायची. पोरांसाठी कामावर सुकडी, गोड कोरडा खाऊ, वाटायचे.

इंजिनिअर जीपमधून उतरला तसा कडूबा पुढं झाला.

"सायेब, आधी सांडवा करा. मंग भिंत."

इंजिनिअर तरुण होता. "सांडवा खडकात आहे, बाबा. तिथं किती माणसं मावतील? मला सगळ्या गावाच्या हाताला काम द्यायचंय. माती म्हणजे काम."

"आन् पैसा मातीतच सरला तं?"

"वर मागणी करू."

"वर म्हंजी?"

"औरंगाबादला. तिथून मुंबई."

"पाणी मुंबईला इचारून यीन का?"

मागं बाया हसल्या. इंजिनिअर हसला नाही. तो रेघेवर चालत गेला, खाली वस्तीकडं पाहून परत आला.

"अंदाजपत्रकात मातीला पैसा ठरलेला आहे," तो म्हणाला. "भिंत तेवढ्यात बसली, तर सांडव्याचा पैसा मी दुसरीकडं हलू देणार नाही. आजपासून तुमची टोळी सांडव्यावर लावतो. पण माती अंदाजाबाहेर गेली, तर सांडवा त्या दिवशी थांबेल. मग माझ्या हातात काही नाही."

"बराबर," कडूबा म्हणाला.

त्याची टोळी कुरकुरत खडकावर गेली. खडकात अंग मोडायचं आणि मजुरी कमी पडायची. वरचा मुरूम निघाला, मग ठिसूळ मांजऱ्या दगड, त्याच्याखाली काळा. चर पुढं सरकत होता, पण हळू.

माती मोजायची रीत अशी होती. प्रत्येक टोळीचा खड्डा वेगळा. खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा ठेवायचा, डोक्यावरच्या गवतासकट. जमीन मुळात किती उंच होती हे तो खांब सांगायचा. त्याला साक्ष म्हणत. आठवड्याला ओव्हरसियर यायचा, साक्षीला टेप लावायचा, त्यावरून मजुरी ठरायची. मोजणी झाली की साक्ष पाडायची.

आणि चोरीची रीत अशी होती. दुसरीकडून गवतासकट ढेकूळ कापून आणायचं, चिखलानं साक्षीच्या डोक्यावर बसवायचं. साक्ष वाढली की खड्डा खोल झाला. याला टोपी घालणं म्हणत. न काढलेल्या मातीचा पैसा निघायचा. थोडा टोळीला, जास्त मुकादम साहेबरावला. ओव्हरसियर टेप लावताना आभाळाकडं बघायचा.

कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं. भुकेलेल्यांना वाटायचं कारणही नव्हतं. एक म्हातारी कडूबाला म्हणाली, "सरकारची माती, सरकारचा पैसा. तुझ्या बापाचं काय चाल्लं रं?"

"मावशे, टोपीचा पैसा सांडव्यातून जाऊन राह्यला," कडूबा म्हणाला. "भिंत फुटली की पयले मी वाहून जाईन. मंग तू."

"तवर जगले तं वाहीन."



अप्पारावची टोळी तेवढी टोपी घालायची नाही. त्याची बायको मालनबाई त्याच्यावर चिडायची. अंगावर पिणारं पोर होतं आणि तिचं दूध आटत चाललं होतं. अप्पाराव म्हणायचा, विहीर खोटी मोजली तर दोर कमी पडतो. त्याला दुसरं काही सांगता यायचं नाही.

एका सकाळी साहेबरावचा पुतण्या तातेराव साक्षीवर ढेकूळ बसवताना कडूबाला सापडला. कडूबानं काठावर चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या आणि खड्ड्यात उडी घेतली. तातेरावला त्यानं केसाला धरून साक्षीवर आपटलं. नाक फुटलं. मग ते गवताचं ढेकूळ त्याच्या तोंडात कोंबलं.

"खा. सरकारची हाय."

तातेराव ओकला. कडूबानं ओकारीसकट पुन्हा कोंबलं. चार माणसांनी सोडवलं नसतं तर तातेराव गुदमरून मेला असता.

बाजारच्या दिवशी साहेबरावच्या माणसांनी वाटूर फाट्यावर हिशेब पुरा केला. काठ्या होत्या. उजव्या बाजूनं आले. त्या कानानं त्याला काही ऐकू आलं नाही. चपला काढायला वेळच मिळाला नाही. खाली पडल्यावर एकानं त्याच्या बोटांवर टाच ठेवून ती फिरवली. साहेबराव हॉटेलच्या बाकावर बसून चहा पीत होता. कप ठेवून म्हणाला, "हातपाय ठेवा रे. उद्या कामाला यायचंय त्याला. गैरहजेरी लागंल."

बेबीनंदानं हळद-चुन्याचा लेप लावला, लुगड्याच्या पट्ट्यांनी बरगड्या आवळल्या.

"सरकारचा पैसा वाचवून राह्यले," ती म्हणाली. "आता दिल्लीवाले ताम्रपट देतील, न्हाई का?"

"हसवू नको. फासळ्या दुखत्यात."

"म्या काय हसवून नाई राह्यले. सोडा म्हन्ते."

"सोडतो. सांडवा झाला की सोडतो."

महिनाभरानं इंजिनिअर आला. कडूबाला बाजूला घेऊन म्हणाला की मातीचा पैसा काठाला आला आहे. येत्या मोजणीत माप फुगलं, तर सांडवा बंद. सांडव्याचा शेवटचा काळा खडक तेवढा राहिला होता.

मोजणीच्या सकाळी कडूबा हातात टिकावाचा दांडा घेऊन खड्ड्याखड्ड्यांत उतरला. टोपी आणि साक्ष डोळ्यांनी ओळखू येत नसे. गवत सारखंच, माती सारखीच. दांड्याचा फटका दिला की टोपी निसटून पडायची. तो फटके देत गेला. टोप्या उडत गेल्या. लोक आधी बघत राहिले, मग शिव्या देऊ लागले, मग दगड आले. एक त्याच्या पाठीत बसला. तो थांबला नाही.

शेवटी अप्पारावच्या खड्ड्याशी आला.

"माझ्या साक्षीला टोपी न्हाई," अप्पाराव म्हणाला.

"मला ठावं हाय."

"मंग?"

"सगळ्यांच्या ठोकल्या, अप्पा. तुझी सोडली तं म्हन्तील, दोस्ताची सोडली."

अप्पारावनं वर काठावरच्या लोकांकडं पाहिलं. "ठोक. पन हळू. सुकून गेल्ती ती, चीर पडलीय."

कडूबानं ठोकलं. त्याच्या मते हळूच. पण पाठीत ठणका होता, हाताला सबंध सकाळचा जोर चढला होता. साक्ष वरून हलली नाही. बुडातून गेली. अख्खा खांब आडवा झाला आणि त्याचा भुगा झाला.

 मालनबाई मटकन खाली बसली.

ओव्हरसियर आला. टोप्या गेल्याचं पाहून त्याचं तोंड कडू झालं. बाकीच्यांची खरी मापं त्याला घ्यावीच लागली. अप्पारावच्या खड्ड्याशी मात्र त्यानं टेप गुंडाळला. आजूबाजूचे खड्डे त्याच्यात मिळाले होते, काठ तुडवून तुडवून घसरण झाली होती. मोजायला काही उरलं नव्हतं.

"कशावरून मोजू?"

"माझ्यावरून मोजा," कडूबा म्हणाला. "म्या सांगतो किती व्हता."

"तुझं डोकं मोजून मजुरी देऊ का?" ओव्हरसियर म्हणाला. "साक्ष नाही, माप नाही. नियम आहे. तुलाच नियम पाहिजे होता ना?"

तो वळला आणि काठावरून माणसं खाली आली. ज्यांच्या टोप्या गेल्या होत्या ती. फावडी, घमेली, दगड, जे हातात होतं ते घेऊन. कडूबानं दांडा फिरवला. एकाचं मनगट कडकन मोडलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर दांडा बसला. कोणाचं तरी रक्त त्याच्या डोळ्यांत गेलं. त्याच्या टोळीतले चर सोडून धावले आणि आपण कोणाला मारतोय हे न पाहता मारू लागले. मालनबाईनं भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळावर घातलं. कातडी उघडली. तो तिच्यापुढं उभा राहिला. तिच्यावर हात उगारला नाही.

अप्पाराव त्या साऱ्यात हलला नाही. मोडक्या साक्षीजवळ उभा होता.

मजुरी वाटली त्या दिवशी अप्पारावच्या टोळीला काही मिळालं नाही. कडूबानं आपल्या टोळीला अर्धं त्यांना द्यायला सांगितलं. टोळीतल्या एकानं त्याची गचांडी धरली. त्यानं स्वतःची मजुरी बेबीनंदाबरोबर पाठवली. मालनबाईनं ती दारातल्या फुफाट्यात फेकली.

"त्याला म्हनावं, साक्ष उभी करून दे," ती म्हणाली.

बेबीनंदानं पैसे वेचून परत आणले.  दुसऱ्या दिवसापासून त्यानं आपल्या पोरांच्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधायला सुरुवात केली. पैसा फेकता येतो, पोराच्या तोंडातला घास कोणी फेकत नाही, असा त्याचा अंदाज होता.  रोज थोडी थोडी गाठ फुगत गेली.

इकडं साहेबराव अप्पारावच्या दारात येऊन बसायचा. तंबाखू द्यायचा.

"दोस्तानंच तुझ्या चुलीत पाणी ओतलं गड्या," म्हणायचा. "आन् वर सांगत फिरून राह्यला, अप्पा चराकडं आला तं त्यालाबी तातेराववानी चारतो म्हणून. मला काय, मी ऐकलं ते सांगितलं."

कडूबा असं काही बोलला नव्हता.

त्या दुपारी टोळी टँकरवर पाणी प्यायला गेली होती. कडूबा चरात एकटा होता. काळ्या खडकावर पहार मारत होता. एक पापुद्रा उडायला किती फटके लागतात ते तो पाहत होता. सुकडीची गाठ त्यानं पायाशी, खडकाच्या सावलीत ठेवली होती. संध्याकाळी स्वतः जाऊन द्यायची असं ठरवलं होतं.

अप्पाराव वरून उतरला. हातात फावडं होतं. कामावरच्या प्रत्येकाच्या हातात असतं तसंच. सावली पडली तेव्हा कडूबानं मान वळवली. कपाळाची जखम अजून ओली होती. त्याचा चेहरा खुलला.

"अप्पा? बराबर येळंला आलास," तो म्हणाला.

आणि वाकला.

ते वाकणं अप्पारावनं आयुष्यभर पाहिलं होतं. त्या पाठीचा बाक, चपलांकडं जाणारा तो उजवा हात. त्याच्यानंतर काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. फावडं खाली आलं. मानेवर बसलं. कडूबा गुडघ्यावर आला. त्यानं हात वर केला. हातात गाठ होती. फावडं दुसऱ्यांदा आलं.

दुसऱ्यांदा का मारलं हे अप्पारावला परतूरच्या पोलिसांनाही सांगता आलं नाही.

टोळी परत आली तेव्हा तो खडकावर बसला होता. कडूबाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. फडक्याची गाठ सुटली होती आणि सुकडी रक्तात कालवली गेली होती. कडूबाच्या चपला पायातच होत्या. अप्पाराव त्यांच्याकडं बघत होता. मग त्यानं उठून कडूबाला पाठीवर घेतलं. पूर्वी एकदा घेतलं होतं तसंच. वस्तीत आणून बेबीनंदाच्या दारात ठेवलं आणि चालत परतूरला गेला.

पुढच्या मोजणीला साक्षींवर टोप्या आल्या आणि सांडवा थांबला. भिंत आता पूर्ण झाली आहे. लांबून चांगली दिसते. वर गवतही लावलं आहे.

बेबीनंदा इंजिनिअरला भेटली. तो तिच्याकडं न बघता म्हणाला की वर मागणी पाठवली आहे.

सांडव्याचा चर भिंतीच्या कडेनं वळतो आणि नाल्यापासून थोडा अलीकडं थांबतो. पुढं काळ्या खडकाचा एक उंबरा आहे, कमरेइतका. तो फुटला की पाणी बाहेर पडेल. त्याच्यावर पहारेच्या पांढऱ्या खुणा आहेत, एका बाजूनं निम्म्यापर्यंत आलेल्या. चरात मागं, मुरमाच्या भागात, कडूबानं शेवटच्या मोजणीसाठी ठेवलेली साक्ष उभी आहे. तिच्यावर टोपी नाही. मोजणी झाल्याशिवाय साक्ष पाडायची नसते, आणि मोजायला कोणी आलेलं नाही.